हौशी नाटकाला लेखकाची परवानगी कशाला? सांगलीकरांनो, बोला

पडद्यामागचा:
मंडळी, विषय जरा कडू आहे पण बोलायलाच पाहिजे. मागं आपल्याकडं एका हौशी संघानं दोन अंकी नाटक केलं, नाव घेत नाही. तिकीट शंभर रुपये, हॉल बऱ्यापैकी भरलेला, स्मरणिकेत सराफापासून ट्रॅक्टर शोरूमपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती. बॅनरवर दिग्दर्शक, नेपथ्य, लाईट, मेकअप, विशेष आभारात माजी नगरसेवक, आणि लेखकाचं नाव कुठंच नाही! लेखक हयात आहेत, पुण्यात असतात, त्यांना कुणीतरी बॅनरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा कळलं. संघातल्या एकाला विचारलं तर म्हणतो, "अहो आपण हौशी, आपल्याला कोण विचारतंय." 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर उभं केलं म्हणून दर 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, नाट्यपंढरी म्हणून मिरवतो, आणि ज्यानं नाटक लिहिलं त्याला एक फोन करायचं जिवावर येतं. माझं म्हणणं एवढंच, तिकीट लावलं की लेखी परवानगी आणि मानधन, मग तुम्ही हौशी असा नाहीतर व्यावसायिक. ज्याला पटत नाही त्यानं का पटत नाही ते सांगावं.

मिरजेचा_तानपुरा:
मला पटत नाही. बॅनरवर नाव नाही हे चूकच, त्यावर वाद नाही. पण मानधन? साहेब कधी हिशेबाची वही बघितलीय का हौशी संघाची? हॉलचं भाडं, लाईट, साउंड, कपडेपट, तालमीच्या जागेचं भाडं, टेम्पो, चहा-वडापाव, वर बायका-पोरांची बोलणी. शंभराचं तिकीट लावून सुद्धा शेवटी चारपाच जणांनी खिशातनं घालायचे असतात. नट फुकट, दिग्दर्शक फुकट, प्रॉम्प्टर फुकट, मग लेखकालाच का पैसे? भाव्यांचं नाव घेताय तर भाव्यांच्या मागं सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन होते हे पण सांगा की. आमच्या मागं कोण आहे? असले नियम लावत बसलात तर वर्षाला जे काही प्रयोग होतात ते पण बंद पडतील, मग करा रंगभूमी दिन रिकाम्या हॉलमध्ये.

कोरेगावची_जत्रा:
+1 तानपुरा. आमच्याकडं सातारा साईडला जत्रेत गावातलीच पोरं नाटक करत्यात, बाप करायचा आता पोरगा करतोय. कुठल्या लेखकाला विचारायचं आणि कशाला, उलट त्याचं नाव गावोगाव होतंय की.

विश्रामबागचा_वकील:
दोघंही भावनेत वाहताय, कायदा काय म्हणतो ते बघा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52. हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर तो हक्कभंग नाही. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला तरी नाही. शाळा कॉलेजच्या पोरांनी आणि स्टाफनी केला आणि बघायला फक्त विद्यार्थी, पालक, शिक्षक वगैरे असतील तरी नाही. म्हणजे कोरेगावकर, तुमची जत्रा सुटली. पण तिकीट लावलं की हौशी शब्दाचा काही उपयोग नाही. आणि ते 'देणगी प्रवेशिका' छापायची युक्ती आहे ना, माझ्या मते ती टिकणार नाही, पैसे दिल्याशिवाय आत सोडत नसाल तर ते तिकीटच.

शिक्षेचं पण सांगतो, कलम 63, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. भीती घालायला सांगत नाहीये, पण "कोण विचारतंय" याचं उत्तर असलेलं बरं.

कोरेगावची_जत्रा:
आयला, म्हणजे देवळाच्या जीर्णोद्धाराला तिकीट लावलं तर चालतंय आणि झेडपी शाळेच्या पत्र्यासाठी लावलं तर गुन्हा? हे कुठलं शहाणपण?

विश्रामबागचा_वकील:
कलमात तसंच आहे, मी लिहिलेलं नाही 😀 शाळेच्या पत्र्यासाठी करताय म्हटल्यावर बरेच लेखक फुकट परवानगी देतील, पण ती त्यांनी द्यायची, आपण गृहीत धरायची नाही.

तासगावची_लेखणी:
वाचत होते, राहवलं नाही. मी एकांकिका लिहिते. तानपुरा दादा, "नट फुकट मग लेखकालाच का" हे लई वेळा ऐकलंय. नटाला टाळ्या मिळतात, पेपरात फोटो येतो, स्पर्धेत बक्षीस लागलं तर ते पण त्याला. लेखक तिथं नसतोच, त्याला कळतच नाही प्रयोग झाला म्हणून. पुस्तक एकच विकत घेता आणि बाकी सगळ्यांना झेरॉक्स, म्हणजे तिकडनं पण काही नाही.

आणि पैशाचं सोडाच, माझी एक एकांकिका एका ग्रुपनं केली, त्यात शेवटी बाई घर सोडून जाते तर ह्यांनी तिला परत आणून सासूच्या पाया पडायला लावली. कारण काय तर "आपल्या पब्लिकला चालत नाही". वर यूट्यूबला टाकली, खाली कमेंटमध्ये लोक मला विचारतायत की तुम्ही असलं का लिहिलं. मी एक रुपया मागितला नसता, पण शेवट बदलू दिला नसता. फोन केला असता तर तेच सांगितलं असतं. प्रयोग फुकट होता म्हणून हे चालतं का, वकीलसाहेब?

विश्रामबागचा_वकील:
नाही चालत. कलम 57, लेखकाचं नाव लावायचा आणि त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड न होऊ देण्याचा हक्क लेखकाकडं राहतो, त्यानं प्रयोगाचे हक्क दुसऱ्याला विकले तरी. आणि यूट्यूब हा वेगळाच विषय. फुकट प्रयोगाला सूट आहे ती प्रयोगाला, शूट करून अपलोड करायला नाही. तिथं परवानगी घ्यावीच लागणार.

मिरजेचा_तानपुरा:
ताई, शेवट बदलणं नालायकपणा आहे, त्यात मी तुमच्याच बाजूला. पण तुम्ही हयात आहात, नंबर मिळतो. जे लेखक गेले त्यांचं काय? आम्ही एका जुन्या नाटकासाठी वारसांच्या मागं लागलो होतो. एक पुतण्या म्हणतो करा खुशाल, दुसरा म्हणतो त्याला काय अधिकार, मुलगी परदेशात, प्रकाशकाचं दुकानच बंद. शेवटी ज्यानं फोन उचलला त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून आम्हाला वाटलं हे मुंबईच्या निर्मात्याशी बोलतायत. नाटक सोडून दिलं. नियमानं वागायला गेलं की असं होतं, आणि न विचारता करणारा मजेत करून मोकळा होतो. ह्याचं उत्तर आहे का कुणाकडं?

पडद्यामागचा:
ह्याचं उत्तर अवघड आहे, मान्य. पण हे नाटक निवडायच्या आधी बघायचं. आपल्याकडं आधी कास्टिंग, मग तालीम, मग हॉल बुक, मग बॅनर, आणि कुणाला आठवलंच तर परवानगी, ती पण प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात. राज्य नाट्य स्पर्धेला उतरताना लेखकाचं पत्र बरोबर आणताच की, तेव्हा कसं सापडतो लेखक? आणि वारसांची भानगड नको असेल तर जुनं करा. हरिपूरचे देवल 1916 ला गेले, खाडिलकर तर सांगलीचेच, 1948 ला गेले, दोघांचीही नाटकं आता सगळ्यांची आहेत.

विश्रामबागचा_वकील:
बरोबर, लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासनं 60 वर्षं मोजायची, मग हक्क संपतो. मामा वरेरकर 1964 ला गेले, त्यांची नाटकं 1 जानेवारी 2025 पासनं मोकळी झाली. अत्रे 1969 ला गेले, म्हणजे 2029 संपेपर्यंत थांबा. फक्त भाषांतराला फसू नका, शेक्सपिअर मोकळा आहे पण त्याचं मराठी ज्यानं केलं त्याचा हक्क वेगळा. नव्या संपादित रंगावृत्तीचं पण तसंच, कुणी स्वतःची भर घातली असेल तर त्या भरीवर त्याचा हक्क.

अजून एक, परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, सर्टिफिकेट म्हणजे लेखकाची परवानगी नव्हे, बरेच जण ते फाईलला लावून निवांत बसतात. आणि "सर फोनवर हो म्हणाले" हे पण पुरत नाही, लेखी पाहिजे. किती प्रयोग, कुठं, किती रक्कम, शूटिंग करायचं की नाही, एवढं एका पानावर मावतं.

मिरजेचा_तानपुरा:
ठीक आहे पण सगळ्यांनी देवल-खाडिलकरच करायचे तर आजच्या पोरांना गाता येत नाही आणि ऑर्गनवाला आणायचा कुठनं? ते पण जाऊ दे. माझा मूळ मुद्दा तसाच आहे, लेखकांनी हौशीसाठी वेगळा परवडणारा दर ठेवावा आणि तो पुस्तकात छापावा. आम्ही देऊ. न विचारता आकडा कळला तर निम्मे संघ देतील.

तासगावची_लेखणी:
निम्मे?? 😄 माझा दर सांगते, फुकट प्रयोगाला काही नाही, तिकीट असेल तर पाचशे, आणि शेवट बदलायचा नाही. आता बघू किती फोन येतात.

कोरेगावची_जत्रा:
ताई विनोदी हाय का एखादं? बाईपात्र एकच पाहिजे, चैत्रात जत्रा हाय. यूट्यूबला नाही टाकणार, फेसबुक लाईव्ह केलं तर चालंल का?

तासगावची_लेखणी:
फेसबुक लाईव्ह म्हणजे पण तेच हो! इनबॉक्सला या.