बाळंतपणाला नेण्याच्या लाडवात खसखस नको म्हणते लेक. अमेरिकेत असा कायदा आहे का?

गुहागरची आई

नमस्कार. लेक न्यू जर्सीत असते, पहिलटकरीण आहे, पुढच्या पंधरवड्यात नववा लागेल. मी बाळंतपणाला जाणार, तिकीट काढलंय. परवा डिंकाचे लाडू वळले, चाळीस. डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, घरच्या नारळाचं सुकं खोबरं किसून भाजलं आणि नेहमीसारखी वाटीभर खसखस. व्हिडिओ कॉलवर डबा दाखवला तर पोरीचा चेहराच उतरला. "आई, खसखस घातलीस? मग नको आणूस."

म्हणे तिथे बाळंतपणाला दाखल झालं की काही ठिकाणी लघवीत अमली पदार्थ तपासतात. खसखस खाल्ली असेल तर अफू घेतल्यासारखा रिपोर्ट येतो, आणि मग बाळाच्या चौकशीला सरकारी माणूस येतो. तिच्या ऑफिसातल्या एका मुलीने तिला हे सांगितलं.

लाडवांचं मला काही वाटत नाही, ते इथे संपतील. पण माझ्या पोरीने आयुष्यात सुपारीसुद्धा तोंडात घातली नाही आणि ती घाबरून हळू आवाजात बोलत होती. तिला कळा येत असताना न विचारता असली तपासणी करायची, हे कायद्यात बसतं का? नाही म्हणता येतं का? आणि खसखस भाजली की तो अंश जातो का?

पडवी

ताई, लेक बरोबर सांगतेय. मी मूळची दापोलीची, अकरा वर्षं तिकडे काढली. माझ्या पहिल्या वेळी मी दाखल होण्याच्या आदल्या दिवशी खसखस लावलेला पाव खाल्ला होता. मला कोणी विचारलं नाही, दाखल होताना सह्या घेतल्या त्या कागदांत कुठेतरी होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी बाळ दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत होतं आणि एक बाई खुर्ची ओढून बसली, घरी कोण कोण असतं, दारू-औषधं काय घेता, विचारू लागली. बाळाची पहिली काळी शीसुद्धा तपासायला गेली होती. पुढे पक्क्या तपासणीत सगळं निस्तरलं, पण ते दिवस मला अंगावर घेतलेल्या बाळाकडे नीट बघता आलं नाही.

खसखशीचं बी अफूच्याच बोंडातलं. बोंडाचा चीक बियांना बाहेरून लागतो, त्यातलं मॉर्फिन लघवीत दोन दिवसांपर्यंत दिसू शकतं. धुऊन, भाजून कमी होतं, पण किती उरलं ते डोळ्यांना कळत नाही. तिथल्या सरकारी नोकरीच्या तपासणीत याच कारणाने १९९८ मध्ये अफूचा रिपोर्ट धरायची मर्यादा लघवीच्या मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. बऱ्याच रुग्णालयांत अजून ३०० धरतात. म्हणजे नोकरीवाल्याला जी सूट, ती बाळंतिणीला नाही.

वकिलीण, रत्नागिरी

कायद्याचं बोलते. प्रत्येक बाळंतिणीची तपासणी करा असं त्यांचा केंद्राचा कायदा सांगत नाही. बाळावर अमली पदार्थाचा परिणाम दिसला तर रुग्णालयाने बालसंरक्षण खात्याला कळवावं, अशी व्यवस्था राज्यांनी ठेवावी, ही अट २००३ मध्ये आली. तिथेही असं कळवणं म्हणजे आईने छळ केला असं ठरवणं नव्हे. पुढचं राज्याराज्यांवर सोडलंय, म्हणून गावागणिक वेगळं ऐकू येतं. टेनेसीत २०१४ मध्ये थेट आईवर गुन्ह्याचा कायदा आला, २०१६ मध्ये त्याची मुदत संपली.

ताईंच्या प्रश्नाशी जवळचा निकाल म्हणजे फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्स्टन शहर, २००१. साउथ कॅरोलायनातल्या एका सरकारी रुग्णालयात १९८९ पासून गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासून रिपोर्ट पोलिसांकडे जात. अटक झालेल्या ३० जणींपैकी २९ कृष्णवर्णीय. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की पोलिसांना पुरावा मिळावा म्हणून संमतीशिवाय केलेली अशी तपासणी ही बेकायदा झडती आहे. मात्र हा निकाल सरकारी संस्थांना बांधतो, खाजगी रुग्णालयांना थेट नाही.

लेकीच्याच राज्याचं: २०२४ मध्ये न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, एका रुग्णालय समूहावर दावा लावला, गरोदर बायकांची पुरेशा संमतीविना सरसकट तपासणी केली म्हणून. लेकीने आत्ताच, कळांच्या आधी, लेखी विचारावं: तपासणी करता का, वेगळी संमती घेता का, पहिला रिपोर्ट आला तर पक्की तपासणी होईपर्यंत थांबता का.

खाडीपलीकडचा

माझी बहीण दुबईत. तिथे तर खसखस नेणंच बेकायदा. तिच्या डब्यात आम्ही तीळ घालतो.

निवृत्त सिस्टर

मी कोकणातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात सव्वीस वर्षं बाळंतपणं केली. आपल्याकडे असली तपासणी सक्तीची नाही. पण मिश्री लावणाऱ्या कितीतरी गरोदर बाया यायच्या. मी नाडी बघताना हात हातात ठेवून विचारायची, "सकाळी काय लावतेस गं दातांना?" तपकिरी बोट पदरात लपवत सांगायच्याच. किती वेळा, केव्हापासून, सासूसुद्धा लावते ते. त्यातल्या काहींची सुटली, काहींची नाही. बोट बघून मी पोलिसाला फोन करणार असते तर एकजण तरी खरं बोलली असती का? पुढच्या तारखेला केंद्रावर तरी आली असती का? तिथल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही हेच म्हणते, प्रश्न सगळ्यांना विचारा, तपासणी संमतीनेच करा.

गुहागरची आई

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं वाचून मला माझं पहिलं बाळंतपण आठवलं. सुई टोचून झाल्यावर कळलं कसलं रक्त घेतलं ते. तेव्हा वाटलं, असंच असतं.

वकिलीणबाईंचे तिन्ही प्रश्न लेकीला पाठवले. तिने रुग्णालयाला मेल केलाय, उत्तर आलं की इथे लिहीन. आधीचे लाडू खालच्या वाडीत दिले, तिथे परवाच मुलगी झालीय. उद्या पुन्हा डिंक फुलवते, खसखशीऐवजी तीळ. पडवीताई, मेथीचे नेले तर चालतात ना तिकडे?

पडवी

बिनधास्त न्या. मेथी कडू लागेल, गूळ जरा जास्त घाला.