रॉक टंबलरच्या बॅरलचा वेग नेमका किती ठेवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी रत्नागिरी तालुक्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या परसात विहीर खणली, तेव्हा वरचा जांभा संपल्यावर काळा कातळ लागला आणि त्या कातळाच्या पोकळ्यांमधून गारगोटीचे व अकीकाचे बरेच तुकडे निघाले. मातीच्या ढिगाबरोबर ते टाकून देणे जिवावर आले, म्हणून दोन घमेली वेचून ठेवली होती. ते घरीच गुळगुळीत करून चकाकी आणावी या इच्छेने मी यंदा स्वतः एक टंबलर (फिरत्या बॅरलमध्ये दगड घासून गुळगुळीत करणारे यंत्र) तयार केला आहे, परंतु बॅरलच्या वेगाचा मेळ काही केल्या बसत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रचना पुढीलप्रमाणे आहे. पाव हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची सिंगल फेज मोटर असून तिच्यावर २ इंची पुली आहे. पट्ट्याने ती रोलरच्या ८ इंची पुलीला जोडली आहे. रोलर म्हणजे २५ मिलिमीटरची लोखंडी सळई असून तिच्यावर रबरी नळी चढवल्यामुळे तिचा व्यास ३२ मिलिमीटर झाला आहे. बॅरलसाठी १६० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा २५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घेतला आणि आतून टायरच्या ट्यूबचे अस्तर लावले, त्यामुळे आतला व्यास सुमारे १४५ मिलिमीटर राहतो. या हिशेबाने बॅरलच्या मिनिटाला ७२ फेऱ्या व्हायला हव्यात. बॅरलवर खडूची रेघ मारून तीन वेळा मोजले, तेव्हा ७० भरल्या.

पहिल्या खेपेस बॅरल निम्मे भरेल इतके, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास दगड घातले, त्यांच्या वरच्या थरापर्यंत पाणी ओतले आणि ६०/९० क्रमांकाचे सिलिकॉन कार्बाइड (दगड झिजवणारी जाड, कणीदार पूड, म्हणजे ग्रिट) आठ मोठे चमचे टाकले. सात दिवसांनी उघडून पाहिले तर दगडांचे कोपरे नक्कीच झिजले होते, पण जवळजवळ प्रत्येक गारगोटीवर चंद्रकोरीसारखे बारीक पांढरे व्रण उठले होते. दगड ओला असताना ते दिसत नाहीत, वाळला की उठून दिसतात आणि अंगठ्याचे नख फिरवले तर अडकते. अकीकाच्या एका चांगल्या पट्टेदार तुकड्याची कडाच उडाली, याचे मला फार वाईट वाटले. यंत्र चालू असताना आतून सतत खडखड ऐकू येते, आणि दगड वरून सुटून खाली आपटत असावेत अशी माझी समजूत झाली आहे.

वेग कमी करण्यासाठी ओळखीच्या वायरमनच्या सांगण्यावरून पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहिला. मोटर घुमू लागली आणि पाच मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापली, तेव्हा तो प्रयोग तिथेच थांबवला. आता ८ ऐवजी १२ इंची पुली बसवण्याचा विचार आहे, म्हणजे हिशेबाने ४८ फेऱ्या मिळतील. त्या पुरेशा होतील, की मध्ये आणखी एक शाफ्ट घालून ३० पर्यंत खाली यावे? शिवाय पावसाळ्याच्या दमट दिवसांत, विशेषतः झाकणातून थोडे पाणी झिरपले की, पीव्हीसी रोलरवर घसरते आणि त्याच बॅरलच्या फेऱ्या ६१ वर येतात. त्यावरही उपाय हवा आहे.

प्रतिसाद

आपली समजूत बरोबर आहे. दगड घरंगळायला हवेत, ते आपटत आहेत. वेग योग्य की अयोग्य हे नुसत्या फेऱ्यांवरून ठरत नाही, बॅरलच्या आतल्या व्यासाशी तो ताडून पाहावा लागतो. ज्या वेगाला दगड भिंतीला चिकटून पूर्ण फेरी मारू लागतात, त्याला क्रांतिक वेग म्हणतात. ४२.३ या संख्येला मीटरमधल्या आतल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागले की तो मिळतो. आपल्या ०.१४५ मीटरसाठी तो सुमारे १११ फेऱ्या येतो, म्हणजे आपण सध्या त्याच्या ६३ टक्क्यांवर आहात. खनिज दळणाऱ्या बॉल मिल साधारण ६५ ते ७५ टक्क्यांवर चालवतात, कारण तिथे गोळे वरून पडून आपटावेत हाच हेतू असतो. गारगोटी कठीण असली तरी ठिसूळ आहे, त्यामुळे तिच्यावर असे व्रण उठणारच.

१२ इंची पुलीने ४८ फेऱ्या, म्हणजे ४३ टक्के होतील, आणि पहिल्या टप्प्यासाठी मी तोच वेग ठेवीन. ३० वर दगड एकत्र सरकत राहतात, फारसे उलटत नाहीत, आणि झीज अगदीच संथ होते. मात्र मोटर आणि रोलर यांच्यातले अंतर आधी मोजावे. ते ९ इंच वगैरे असेल तर छोट्या पुलीवर पट्ट्याचा विळखा अपुरा पडून पट्टा घसरेल. ते १४-१५ इंच ठेवावे. मोठी पुली शाफ्टच्या खाली ६ इंच उतरते, तेव्हा सांगाडाही तेवढा उचलावा लागेल.

वेगाइतकेच भरणही महत्त्वाचे आहे. निम्म्या बॅरलमध्ये दगडांना पडायला मोकळी जागा मिळते, म्हणून ते दोन तृतीयांश भरावे आणि मोठ्या दगडांच्या फटींत बारीक खडे घालावेत. काळ्या कातळाचे तुकडे मात्र त्यात मिसळू नयेत. ते गारगोटीपेक्षा मऊ असल्याने लवकर झिजतात आणि आतला चिखल दाट करतात.

रेग्युलेटर पुन्हा लावू नये. अशा बहुतेक मोटरींत सुरुवातीच्या वाइंडिंगसाठी सेंट्रिफ्यूगल स्विच असतो, म्हणजे मोटर वेगात आली की ते वाइंडिंग आपोआप तोडणारा स्विच. वेग पडला की तो पुन्हा जोडला जातो आणि ते वाइंडिंग जळते. घसरण्यावर उपाय सोपा आहे : सायकलच्या ट्यूबचे दोन रुंद पट्टे कापून, रोलर जिथे टेकतात तिथे, बॅरलवर ताणून चढवावेत.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आमचे अंतर खरोखरच ९ इंच होते. फणसाच्या दोन फळ्या खाली घालून सांगाडा उचलला, मोटर १५ इंचांवर सरकवली आणि १२ इंची पुली बसवली. ट्यूबचे पट्टे चढवल्यावर फेऱ्या ४६ भरल्या, आणि बॅरल मुद्दाम ओले करून मोजले तरी ४५ च राहिल्या. या वेळी सुमारे साडेचार किलो दगड घातले आहेत आणि ग्रिटही त्या प्रमाणात वाढवले आहे.

आवाजातला फरक ऐकताक्षणी जाणवला. खडखड पूर्ण थांबली असून वाळूवरून लाट मागे जाताना येते तशी एकसारखी सळसळ येते. चौथ्या दिवशी बॅरल उघडून एक गारगोटी धुतली, उन्हात वाळवली आणि भिंगाखाली पाहिली. नवा एकही व्रण नाही, आणि जुन्यांपैकी उथळ व्रण पुसट होऊ लागले आहेत. खोल व्रण तसेच आहेत, तेव्हा ते पूर्ण जाईपर्यंत, आणखी दोन आठवडे लागले तरी, याच जाड ग्रिटवर थांबणार आहे आणि त्यानंतरच १२०/२२० या बारीक ग्रिटकडे वळेन. पॉलिशच्या टप्प्यात दगडांमध्ये प्लॅस्टिकचे दाणे घालावेत की तिथे वेग ४० पर्यंत उतरवावा, याविषयी कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास अवश्य लिहावे.