द्राक्षं उकळून घरी बेदाणे: व्हिडिओतली कृती कितपत बरोबर?

गच्चीवरचं_ऊन (इंदिरानगर, नाशिक)

सध्या हातगाडीवर सुटे मणी स्वस्त मिळताहेत. हिरवी, लांबट, बिनबियांची ३ किलो द्राक्षं आणली आहेत आणि त्यांचे बेदाणे करायचे आहेत. यूट्यूबवर पाहावं तर प्रत्येकाचं वेगळंच. कुणी म्हणतं पाणी उकळून द्राक्षं टाका, वर तरंगली की काढा. कुणी इडलीपात्रात १० मिनिटं वाफवायला सांगतं. कुणी नुसती धुऊन थेट उन्हात. "दोन-तीन दिवसांत तयार" हे मात्र सगळ्यांचं एकमतानं.

त्यातली थोडी उकळून स्टीलच्या ताटात गच्चीवर ठेवली होती. ताटाला चिकटली, रंग काळपट आला, चौथ्या दिवशीही आतून ओली आणि वास किंचित आंबूस. उरलेल्या द्राक्षांसाठी नेमकं काय करावं? उकळणं गरजेचं आहे का? बाजारातल्यासारखा पिवळसर हिरवा रंग घरी येतो का?

निफाडकर_बागवान

ताई, कृतीच्या आधी द्राक्ष बघा. अर्धं काम तिथेच बिघडतं.

खायची द्राक्षं साधारण १७-१८ ब्रिक्सला तोडतात. बेदाण्याला २२ च्या पुढे लागतात. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, ढोबळमानाने शेकडा किती ते. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा आढीत घालतो तसं इथे चालत नाही, वेलीवर जेवढी गोडी आली तेवढीच. कमी गोडीचे मणी वाळले की नुसती साल आणि आंबटपणा उरतो. बेदाणा बारीक आणि कडक होतो.

घरी रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं उपकरण) नसला तरी चालेल. घड असेल तर शेंड्याचा, म्हणजे सगळ्यात खालचा मणी खाऊन बघा. तो शेवटी पिकतो. तो गोड तर सगळा घड गोड. सुट्या मण्यांत हे कळत नाही, कारण दहा घडांची सरमिसळ असते. तिथे रंग बघायचा. हिरवेगार काचेसारखे मणी बाजूला काढून खाऊन टाका, पिवळसर झाक आलेले बेदाण्याला घ्या. चिरलेला, देठाजवळ ओला झालेला मणी एकही नको. आंबूस वासाची सुरुवात तिथूनच होते.

बेदाणे किती निघतील याचा हिशेब सोपा आहे: द्राक्षाचं वजन गुणिले ब्रिक्स, भागिले ८५. १ किलो १८ ब्रिक्सची द्राक्षं असतील तर साधारण २१० ग्रॅम, २२ ची असतील तर २६० ग्रॅम. ८५ कशासाठी, तर चांगल्या बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास ओल राहते. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर रोज संध्याकाळी वजन करा. त्या आकड्याला आलं की थांबा. दिवस मोजण्यापेक्षा हे बरं.

प्रक्रिया_विभाग

उकळण्याबद्दल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. बोटाने पुसला जाणारा पांढरा धुरकटपणा दिसतो ना, तोच. आतलं पाणी तो बाहेर सोडत नाही. म्हणून नुसती धुऊन उन्हात ठेवलेली द्राक्षं तीन-चार आठवडे घेतात, आणि तेवढ्यात काही सडतात. गरम पाण्याचं काम एवढंच की हा थर मोडायचा आणि सालीला केसासारख्या बारीक भेगा पाडायच्या. द्राक्ष शिजवायचं नाही.

"तरंगली की काढा" ही खूण इथेच फसवते. द्राक्ष साखरेमुळे पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडतं. वर येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात आणि गर मऊ पडलेला असतो. मग रस सालीबाहेर झिरपतो, ताटावर पाक होतो, त्यावर धूळ आणि मुंग्या. १० मिनिटं वाफवलं तर विचारूच नका, तो द्राक्षाचा मुरांबा. तुमचा काळपट रंग आणि चिकटपणा यातूनच आला आहे.

असं करून बघा. मोठ्या पातेल्यात २ लिटर पाणी खळखळ उकळा, त्यात सपाट १ चमचा (५ ग्रॅम) खाण्याचा सोडा. फेस वर येतो, म्हणून पातेलं अर्धंच भरा. एका वेळी पाव किलोच द्राक्षं, तळणीच्या झाऱ्यात किंवा तारेच्या चाळणीत घेऊन बुडवायची. जास्त टाकली की पाणी गार होतं आणि वेळेचा अंदाज चुकतो. २० ते ३० सेकंद, बस. एक मणी उजेडात धरून बघा: देठाच्या टोकाकडून बारीक रेषा दिसायला लागल्या की झालं. साल सोलवटून निघायला लागली तर वेळ जास्त झाली. लगेच थंड पाण्यात टाका, दोनदा पाणी बदला म्हणजे सोड्याची चव राहणार नाही, आणि कापडावर कोरडी करा.

सोडा का, तर तो मेण सुटायला मदत करतो. उकळत्या पाण्यात खाण्याच्या सोड्यातला वायू निघून जातो आणि तो जास्त तीव्र होतो, त्यामुळे ५ ग्रॅम पुरतात. कपडे धुण्याचा सोडा मात्र वापरू नका, तो खाण्यासाठी बनवलेला नसतो.

स्टीलचं ताट बाद. खालून हवा लागत नाही, तिथेच ओल साचते. बाजेवर किंवा दोन खुर्च्यांच्या मधे नायलॉनची जाळी ताणा, वर मलमलचं कापड, मणी एकाला एक न चिकटता एका थरात. ३ किलोला साधारण दोन फूट बाय अडीच फूट जागा लागते. वरून दुसरं पातळ कापड. पहिले दोन दिवस दिवसातून दोनदा हलवा, पुढे एकदा. बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या तुमच्या आधी पोचतील.

मार्च-एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात ५ ते ७ दिवस धरा. दोन-तीन दिवसांत होतात ते व्हिडिओच्या एडिटिंगमध्ये.

सावलीत_वाळवा

उन्हात कशाला? रंग हवा असेल तर सावली. कडक उन्हात बेदाणा तपकिरीच होणार.

शेडवरचे (विक्रीसाठी सावलीच्या मांडवात वाळवलेले) बेदाणे हिरवट राहतात त्याचं कारण उकळणं नाहीच. तिथे १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट (दुकानात डिपिंग ऑइल म्हणतात) असं थंड द्रावण करून घड दोन ते चार मिनिटं बुडवतात आणि शेडनेटखाली जाळ्यांवर पसरतात. वाळायला १२-१५ दिवस. तासगाव-सांगलीकडे हीच पद्धत. गार द्रावणामुळे गर शिजत नाही, सावलीमुळे रंग उडत नाही.

प्रक्रिया_विभाग

पद्धत बरोबर सांगितलीत, पण ३ किलोसाठी ती रसायनं आणायला मी सांगणार नाही. खाद्य दर्जाची सुटी मिळणं कठीण, आणि द्रावणाचा सामू (पीएच) ११ च्या आसपास जातो, म्हणजे ते तीव्र क्षारी असतं, हातमोजे लागतात. शिवाय बाजारातल्या सोनेरी बेदाण्यांना बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते. ती घरात द्यायची नाही, गंधकाचा धूर श्वासाला वाईट, दमेकऱ्यांना तर फारच.

मधला मार्ग आहे. सोड्याच्या पाण्यातून काढल्यावर पहिले दोन दिवस ऊन द्या, कारण पाणी तेव्हाच सगळ्यात जास्त असतं आणि आंबण्याचा धोकाही तेव्हाच. मणी सुरकुतले की जाळी वारा खेळणाऱ्या सावलीत. रंग मधासारखा येतो. बाजारासारखा हिरवा येणार नाही, चवीत काही कमी नाही.

निफाडकर_बागवान

एक राहिलं. धुताना १ लिटर पाण्याला २ चमचे खाण्याचा सोडा, १०-१५ मिनिटं भिजवा, मग दोन पाण्यांतून काढा. फवारणीचे वरवरचे अंश कमी होतात. मण्यावर पांढरा सारखा धुरकट थर असेल तर ते मेण. पण थेंब वाळल्यासारखे कडा असलेले डाग दिसले तर ती फवारणी, ते मणी चोळून धुवा.

आणि आभाळ बघून काम काढा. अवकाळीचा काय भरवसा. अर्धवट वाळलेल्या मण्यांवर एक सर पडली तरी बुरशी धरते.

गच्चीवरचं_ऊन

तिघांचेही आभार, बरंच कळलं. दोन शंका. आभाळ आलंच तर ओटीजीमध्ये (घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये) वाळवता येतील का? आणि नीट वाळले हे ओळखायचं कसं?

प्रक्रिया_विभाग

येतील. ६० अंश, पंखा चालू, दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, नाहीतर वाफ आतच फिरते. १८ ते २४ तास लागतात, वीजबिल धरलं तर बेदाणे विकत घेतलेले परवडतील. म्हणून पूर्ण न वाळवता फक्त ढगाळ दिवस निभावून न्यायला वापरा. ७० च्या वर नेऊ नका, बाहेरून कडक आणि आत ओले राहतात.

ओळख: बेदाणा मधोमध फाडून दोन बोटांत दाबा. ओल बोटाला लागता कामा नये, पण तुटायलाही नको, चिवट हवा. मूठभर दाबून सोडले की सुटे व्हायला हवेत.

मग लगेच डब्यात बंद करू नका. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. कमी-जास्त वाळलेल्या मण्यांतली ओल सारखी होते. काचेला आतून दव दिसलं तर परत जाळीवर. दिसलं नाही तर घट्ट पिशवीत बांधून तीन-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. नंतर फ्रिजमध्ये ठेवा. काही महिन्यांनी पांढरे, वास नसलेले कण दिसले तर चाखून बघा: कुरकुरीत आणि गोड असेल तर साखर आहे. कापसासारखं, वास येणारं असेल तर न चाखता सगळी बरणी टाका.

सावलीत_वाळवा

काळी शरद (काळ्या द्राक्षाची एक जात) मिळाली तर तीच कृती चालेल, रंगाची भानगडच नाही. फक्त सोड्याच्या पाण्यात २० सेकंदांच्या वर ठेवू नका, पाण्याला रंग यायला लागला की समजा सालीचा रंग निघतोय.