अनुभव धागा: उष्टं-खरकटं उकंड्यावर टाकायच्या आधी

आपल्याकडे रोज घंटागाडी येते अशी गावं थोडी. उरलंसुरलं ढोराच्या टोपल्यात, नाहीतर उकंड्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधला अन्नकचरा माणशी वर्षाला ५५ किलो धरला आहे, सालं-हाडं धरून. म्हणजे पाच माणसांच्या घरात रोजचा पाऊण किलो. उकंड्यात दडपलेल्या ओल्या अन्नाला हवा मिळत नाही, त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या अंदाजे २८ पट तापवतो. वरच्या थरातलं नत्र उन्हात उडतं, उरलेलं पावसात वाहून जातं, आणि तेच नत्र आपण युरियाच्या गोणीतून विकत आणतो. मापं लिहा, काय बिघडतं तेही लिहा.

पुसदकडून, नाडेप हौद

नाडेप म्हणजे विटांच्या हौदात काडीकचरा कुजवून खत करायची पद्धत. ती आमच्या पुसदचीच, ना. दे. पांढरीपांडे यांची, नावही त्यांच्यावरूनच. हौद आतून १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच. विटांच्या तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या थरात हवेसाठी भोकं ठेवायची. एका हौदाला १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७०० किलोच्या आसपास चाळलेली माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागतं. सहा इंच कचरा, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), त्यावर माती, असे थर. वर शेणमातीने लिंपायचं. भेगा पडल्या की लगेच बुजवा, नाहीतर ओल जाते. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत हाती येतं.

लोक चुकतात ते एका ठिकाणी. हा हौद एक-दोन दिवसांत एकदम भरायचा असतो. त्यात रोजचं खरकटं नेऊन टाकलं की लिंपण फुटतं, माश्या होतात, घुशी शिरतात. रोजच्यासाठी बाजूला छोटा खड्डा करा. एक घमेलं ओलं पडलं की दोन घमेली सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि वर मूठभर माती. वास सुटला म्हणजे कुटार कमी पडलं, दुसरं कारण शोधू नका. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) बांधावर पेटवून देण्यापेक्षा बारीक करून इथेच घाला. किडकी बोंडं मात्र आधी वेचून नष्ट करा, त्यात बोंडअळी दडलेली असते.

तिवसा तालुका, गोबरगॅस

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. एक घनमीटर गॅस साधारण ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसएवढा. पूर्ण क्षमतेने चाललं तर महिन्याला जवळपास २६ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या पावणेदोन टाक्या. हिवाळ्यात एवढी अपेक्षा ठेवू नका.

किलोमागे शेणापेक्षा शिळ्या अन्नातून गॅस जास्त येतो, कारण शेण हे एकदा पचलेलंच असतं. पण अन्न शेणाच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका, आणि वाटून, पातळ करूनच घाला. जास्त झालं की आतलं आंबतं. गॅस भरलेला दिसतो पण पेटत नाही, काल्याला आंबट वास येतो. अशा वेळी अन्न आठ-दहा दिवस बंद, नुसतं शेण. ज्योत नाचायला लागली तर नळीत पाणी साचलेलं असतं, ते काढून टाका.

वरुड, संत्र्याची सालं

ताजी सालं गांडूळखताच्या वाफ्यात घालू नका, गोबरगॅसमध्येही नको. सालीतलं तेल दोन्हीकडचे जीव मारतं. उन्हात कडकडीत वाळवून नाडेपमध्ये थोडी थोडी घाला. लोणच्याचा खारही गांडुळांना चालत नाही. ताजं शेण तापतं, म्हणून १५-२० दिवस पसरून थंड झालेलंच वापरा. थराची उंची दीड फुटाच्या वर नको. ३५ अंशांच्या पुढे गांडुळं मरायला लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कडुनिंबाची दाट सावली, ओली गोणपाटं, सकाळ-संध्याकाळ पाणी. मूठ दाबली की एखाद-दोन थेंब सुटावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं.

अचलपूरकडून, ढोरांबद्दल कळकळीने

पंगतीचा उरलेला भात आणि बुंदी टोपलंभर एकदम गाईपुढे ठेवू नका. पोटात आंबतं. रवंथ थांबतो, पोट फुगतं, पातळ आंबूस शेण पडतं, गाय खाली बसते. जनावर त्यात दगावतं. आधी कुटार, मग अन्न, आणि तेही दिवसाला किलोभराच्या आत. लक्षणं दिसली की घरगुती उपायांत वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. बुरशी आलेली भाकर किंवा बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड दुभत्या जनावराला मुळीच नको, बुरशीचं विष दुधात उतरतं आणि लेकरांच्या पोटात जातं.

दर्यापूर, भांड्यांचं पाणी

काळ्या जमिनीत शोषखड्डा लवकर तुंबतो. ती माती फुगली की पाणी धरून बसते, आणि शितं-तेल त्यावर साय धरतात. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवा, पुढे बुडाला भोकं पाडलेलं मडकं ठेवून त्यात नारळाची शेंडी भरा. दर आठवड्याला शेंडी धुवा. पाणी केळी-अळूला सोडा.

प्रश्न, मेळघाटातून: ताई, थंडीत गॅस निम्म्यावर येतो. काय करावं?

तिवसा: दादा, काला पहाटे कालवू नका. दुपारी, उन्हात ठेवलेल्या पाण्यात कालवा. घुमटावर फूटभर कुटाराचा थर टाका. शेण वाढवायला मात्र जाऊ नका. थंडीत पचायला जास्त दिवस लागतात, शेण वाढवलं तर कच्चाच काला बाहेर पडतो.