मदत हवी आहे: सिझेरियनच्या भुलीबद्दल बायकांचं खरं मत कसं मिळवायचं?

नमस्कार. तालुक्याच्या एका रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आहे. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिलेल्या बाळंतिणींचं समाधान मोजायचं आहे. "समाधानी आहात का?" विचारलं की जवळपास सगळ्या "हो डॉक्टर, छान झालं" म्हणतात. नंतर सिस्टरांजवळ मात्र थरथर, मळमळ, पोटातली ओढाताण जाणवून बसलेली भीती, सगळं बोलतात. मला नेमकं तेच हवंय, कारण सुधारणा तिथेच करता येईल.

आयोवा स्केल, म्हणजे भुलीबद्दलचं समाधान मोजणारी प्रश्नावली, पाहिलं. त्यात ११ विधानं आणि सहमत-असहमतच्या सहा पायऱ्या आहेत, पण ते मुळात गुंगी देऊन केलेल्या शस्त्रक्रियांसाठी बनवलेलं. क्यूओआर-१५ ही दुसरी प्रश्नावली शस्त्रक्रियेनंतरचं बरं होणं मोजते. झोप, जेवण, वेदना कळतात, पण "माझं कुणी ऐकलं का" हे कळत नाही. चेहऱ्यांची चित्रं दाखवली तर बोट हसऱ्यावरच जातं.

अनेकींना प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि शेजारी सासूबाई असतात. भूल देणाऱ्यानं स्वतः विचारायचं नाही, हे ठरलंय. नैतिकता समितीची परवानगी आहे. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर आणि उलट भाषांतर (अर्थ जुळतो का पाहायला मराठीतून परत इंग्रजीत) करायचीही तयारी आहे.

तर, सिझेरियनच्या भुलीसाठी तपासून घेतलेली मराठी प्रश्नावली कुणी वापरली आहे का? आणि विचारावं कधी: २४ तासांनी, की पाठीतल्या इंजेक्शननंतर कधीकधी उशिरा सुरू होणारी डोकेदुखीही पकडता यावी म्हणून घरी गेल्यावर फोनवरून?