बडोद्याच्या वेशीवरची वाढ दहा वर्षं टिपायची आहे: जागा, उजेड, नोंदी आणि पोटापाण्याबद्दल विचारायचंय

कोतरकाठ:
भायली ते सेवासी हा पट्टा ठरावीक जागांवरून दरवर्षी टिपायचा आहे. फुल-फ्रेम कॅमेरा, ३५ मिलिमीटरची लेन्स आणि ट्रायपॉड हाताशी आहे. तीन प्रश्न आहेत. दरवर्षी तीच चौकट कशी मिळवायची? जीपीएसची नोंद ठेवूनही फ्रेम सरकते. शेताची सोसायटी झाली, यापलीकडचे परिणाम कसे दाखवायचे? आणि ज्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं, त्यांचं घर कशावर चाललं?

दोरी_ओळंबा:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. फोनचं जीपीएस मोकळ्या शेतातही चार-पाच मीटर चुकतं, भिंतींच्या गर्दीत आणखी. तेवढ्या फरकाने जवळचा खांब मागच्या इमारतीवरून सरकतो. म्हणून जागा नकाशापेक्षा चौकटीतच बांधून ठेवा. एक जवळची आणि एक लांबची खूण एका रेषेत आणा. समजा, पुलाच्या कठड्याची कड आणि मागच्या पाण्याच्या टाकीचा डावा पाय. अशीच दुसरी जोडी फ्रेमच्या दुसऱ्या टोकाला घ्या. दोन्ही जोड्या जुळल्या की तुम्ही त्याच जागी उभे आहात. जुळल्या नाहीत तर पावलं हलवा. झूमने फक्त कड कातरली जाते, खुणांची आपसातली जागा बदलत नाही.

काम फसतं ते खुणा चुकीच्या निवडल्यामुळे. निवडुंगाचं कुंपण, बांधावरचा आंबा, विहीर या गोष्टी टी.पी. (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना योजना) पडली की सगळ्यात आधी जातात. कालव्याचा पूल, रेल्वेचा ओव्हरब्रिज, देवळाचं शिखर असल्या टिकाऊ गोष्टी धरा आणि प्रत्येक फ्रेमला चार-पाच जोड्या लिहून ठेवा, म्हणजे दोन गेल्या तरी भागतं. उभं राहायची जागा सार्वजनिक रस्त्यावर किंवा पुलावरच हवी, नाहीतर पाचव्या वर्षी ती कुणाच्या तरी कंपाउंडच्या आत जाते.

लेन्सची उंची टेपने मोजून दीड मीटर, कॅमेरा स्पिरिट लेव्हलने सपाट, एफ/८, आयएसओ १००. कॅमेरा वर तिरपा केलात की इमारती मागे कलतात. आज शेत आहे म्हणून वरचं आकाश रिकामं वाटेल, ते कापू नका. उद्या तिथे चौदा मजले उभे राहिले तर तेच आकाश लागणार आहे.

उन्हाचा_हिशोब:
दादांनी जागेचं सांगितलं, मी उजेडाचं सांगते. सावली जुळवायला सर्वात सोपं म्हणजे दरवर्षी तीच तारीख, तीच वेळ. तो दिवस ढगाळ निघाला तर वर्ष वाया घालवू नका, २१ डिसेंबरच्या पलीकडे तेवढ्याच दिवसांवरची तारीख धरा. २० ऑक्टोबर आणि २१ फेब्रुवारीला दुपारचा सूर्य जवळपास सारख्याच उंचीवर असतो. घड्याळ मात्र बदलतं. बडोद्यात खरा मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वात वर येण्याची वेळ, २० ऑक्टोबरला १२:२२ च्या सुमारास होतो आणि २१ फेब्रुवारीला १२:५१ च्या. म्हणजे फेब्रुवारीत अर्धा तास उशिरा पोचायचं. शेतातलं पीक वेगळं दिसणार, ते मान्य करा. मे-जूनची दुपार टाळाच: ऊन डोक्यावर असतं, सावल्या पायाखाली जातात आणि मोकळी जमीन, मुरूम, रस्ता सगळं एकसारखं पांढरं येतं.

अंतिम_खंड:
दुसऱ्या प्रश्नासाठी कॅमेऱ्याआधी कागद हातात घ्या. १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याखाली टी.पी. स्कीम होते, तेव्हा शेताच्या मूळ खंडाचा आकार बदलतो, रस्ते-बागांसाठी जमीन कापली जाते आणि मालकाला अंतिम खंड मिळतो, कधी थोडा सरकलेला. म्हणजे नुसता सर्वे नंबर लिहिलात तर दहा वर्षांनी ती जागा सापडणार नाही. कॅप्शनमध्ये सर्वे नंबर, मूळ खंड आणि अंतिम खंड असे तिन्ही नंबर, तारीख, वेळ, लेन्सची दिशा घाला आणि ते फाइलच्या आत, मेटाडेटात भरा. वेगळी वही हरवते. मागचा काळ बघायला गूगल अर्थ प्रोमधली घड्याळाची खूण दाबून जुनी चित्रं काढा. लँडसॅट उपग्रहाचं चित्र १९८४ पासून ३० मीटरला एक ठिपका देतं, त्यात वसाहत दिसते, घर नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र २०१५ पासून १० मीटरचं आहे.

आता परिणाम. नवा टॉवर सगळेच टिपतात. तुम्ही जुन्या गावठाणातला ओटा टिपा. रस्त्यावर मुरूम आणि डांबराचे थर चढत जातात. पूर्वी तीन पायऱ्या चढून जायचा तो ओटा आधी एका पायरीवर येतो, मग रस्त्याच्या पातळीला, आणि शेवटी उंबऱ्यावर विटांचा बांध दिसतो. शेजारी २० सेंटिमीटरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची रेंजिंग रॉड उभी करा, म्हणजे फोटोतूनच माप निघतं.

तसंच कोतरांचं, म्हणजे नदीकाठच्या घळींचं. विश्वामित्री पावागडहून येते आणि तिच्या कोतरांत पुराचं पाणी पसरायला जागा असते. तिथे भराव पडतो: आधी पाडकामाचा मलबा, वर पिवळी माती, मग रोलर. तिन्ही टप्प्यांचे वेगळे फोटो हवेत, कारण शेवटच्या टप्प्यात ती जागा मुळातच सपाट असावी असं वाटतं. ऑगस्ट २०२४ सारखा पूर आला की भिंतीवरची चिखलाची रेघ आठवड्याच्या आत रॉडसकट टिपा. रंगकाम झालं की पुरावा गेला.

कोतरकाठ:
ताई, काका, फार उपयोगी. तिसऱ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

दांडियाबाजार:
दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही अमेरिकेतली. रॉबर्ट ॲडम्स कोलोरॅडोत कॉलेजात इंग्रजी शिकवत. फोटो काढायला लागल्यावर काही वर्षांनी, १९७० मध्ये, ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. डेन्व्हर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जभोवतीच्या एकसाची घरांवरचं त्यांचं पुस्तक १९७४ चं. १९७५ मध्ये रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये माणसाने बदललेल्या भूदृश्यावरचं प्रदर्शन झालं. त्यातल्या दहा छायाचित्रकारांत ते होते. गुगेनहाइम शिष्यवृत्ती १९७३ आणि १९८० मध्ये, मॅकार्थर शिष्यवृत्ती १९९४ मध्ये, हॅसलब्लाड पुरस्कार २००९ मध्ये. पहिल्या आणि शेवटच्या सन्मानातलं अंतर बघा.

बिल ओवेन्स कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला स्थानिक वर्तमानपत्राचे छायाचित्रकार होते. नोकरीमुळे घराघरांत ओळख होती आणि उपनगरातल्या त्या कुटुंबांच्या फोटोखाली त्यांचेच शब्द छापले. १९७६ मध्ये गुगेनहाइम मिळूनही १९८३ मध्ये त्यांनी बिअर गाळण्याचा धंदा काढला.

तेव्हा नोकरी धरून ठेवा आणि वर्षातले सहा ठरलेले दिवस या कामाला द्या. पहिली दोन वर्षं बाहेर काहीच दाखवायला नसेल, फरक तिसऱ्या वर्षापासून बोलायला लागतो. रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. आणि ड्रोन घेणार असाल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा बघा, हरणीचा विमानतळ शहरालाच लागून आहे.