पेमेंटनंतरचा कॉन्फेटी इफेक्ट फोनवर अडखळतो

प्रश्न
माझ्या वेबसाइटवर पेमेंट झालं की बटणातून ३०० रंगीत कण (कॉन्फेटी) उडतात. प्रत्येक कण वेगळा डिव्ह (पानावरचा एक चौकोनी घटक), त्याचे लेफ्ट-टॉप, म्हणजे डावीकडून-वरून अंतर, बदलतो. लॅपटॉपवर ठीक, स्वस्त अँड्रॉइडवर अडखळतं. १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या) स्क्रीनवर मात्र कण दुप्पट वेगाने पडतात. काय बदलू?

उत्तर १
लेफ्ट-टॉप बदललं की ब्राउझर दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) लेआउट, म्हणजे पानाची मांडणी, पुन्हा मोजतो. सगळे कण एकाच कॅनव्हासवर (कोडने चित्र काढायच्या घटकावर) काढा. त्याला पॉइंटर-इव्हेंट्स नन (स्पर्श आरपार जाऊ देणारी सीएसएस सेटिंग) द्याच, नाहीतर खालची बटणं दाबली जाणार नाहीत.

वेगाचं कारण वेगळं आहे. तुम्ही दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवताय. ६० हर्ट्झला फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १२० ला ८.३. वेग पिक्सेल प्रति सेकंद ठेवा आणि दोन फ्रेममधल्या वेळेने गुणा.

उत्तर २
दोन फ्रेममधल्या त्या वेळेवर ३३ मिलिसेकंदांची कमाल मर्यादा घाला. टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात. परत आल्यावर एकदम मोठा आकडा येतो आणि कण पडद्याबाहेर फेकले जातात. हवेच्या रोधासाठी वेगाला दर फ्रेमला ०.९८ ने गुणत असाल, तर तेही फ्रेमरेटवर अवलंबून आहे. ०.९८ चा घात घ्या, घातांक म्हणजे दोन फ्रेममधले सेकंद गुणिले ६०. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

प्रश्नकर्ता
आता सुरळीत, पण कण धूसर दिसतात.

उत्तर १
कॅनव्हासची रुंदी-उंची डिव्हाइस-पिक्सेल-रेशोने (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे किती पिक्सेल बसतात त्या आकड्याने) गुणा, सीएसएसमधला आकार तोच ठेवा, काँटेक्स्टला (कॅनव्हासवर चित्र काढणाऱ्या ऑब्जेक्टला) तेवढंच स्केल द्या. रेशो ३ असेल तर २ वर थांबा. नऊपट पिक्सेल रंगवण्याइतका फरक डोळ्याला दिसत नाही.

उत्तर ३
फोनमध्ये कमी हालचालीची सेटिंग निवडलेल्यांना फवारा दाखवू नका. काहींना त्याने खरंच गरगरतं. त्यांच्यासाठी स्थिर हिरवी खूण पुरे.